पेशीला गेलात, पण कागदावर आलात का?

या महिन्यात आलेली पत्रं चाळली तर निम्म्याहून जास्त पत्रांत एकच शब्द आहे: पेशी, म्हणजे साहेबांपुढची सुनावणी. कुणाची मंडळ अधिकाऱ्यांपुढे, कुणाची एसडीएमपुढे (उपविभागीय अधिकाऱ्यांपुढे), कुणाची जात पडताळणी समितीपुढे. कायद्याची कलमं गावात कुणी ना कुणी सांगतं. त्या दिवशी तिथं नेमकं काय होतं, कुणापुढं उभं राहायचं, काय बोलायचं, कशावर सही करायची, हे कुणी सांगत नाही. मी एकतीस वर्षं महसूल खात्यात काढली. लिपिक म्हणून लागले, अव्वल कारकून झाले, नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले. परभणी, बीड आणि हिंगोली जिल्ह्यांतल्या तहसीलींत माझी नोकरी झाली. म्हणून या वेळचं सदर पेशीवरच देते.

प्रश्न : ताई, वडील मागच्या दिवाळीनंतर वारले. आम्ही तीन बहिणी, दोन भाऊ. भावांनी वारसांत आईचं आणि दोघांचंच नाव लावायला दिलं. माझ्या पुतण्यानं मोबाईलवर ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर फेरफार (सातबाऱ्यावरची नावं बदलायची नोंद) बघितला म्हणून कळलं. मी तलाठ्याकडे हरकत दिली. आता मंडळ अधिकाऱ्यांपुढे पेशी आहे. भाऊ म्हणतो, तुझ्या लग्नात खर्च केला, आता तुझं काय राहिलं? वकील लावायची ऐपत नाही आणि मला चारचौघांत बोलता येत नाही. मी तिथं जाऊन काय बोलू? (एक भगिनी, ता. गेवराई)

उत्तर : ताई, हरकत वेळेत दिलीत, हे फार चांगलं झालं. आता पुढचं सगळं एकेक करून सांगते.

आधी तुमच्याकडं हरकतीची पोच आहे का ते बघा. जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १५० प्रमाणे हरकत लेखी द्या नाहीतर तोंडी, तलाठ्यानं (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) ती तक्रारी प्रकरणांच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-अ मध्ये, घ्यायची असते आणि तुम्हाला लगेच लेखी पोच द्यायची असते. तोंडी हरकतसुद्धा चालते हे लोकांना माहीतच नाही. लिहिता न येणाऱ्या बाईला ‘अर्ज लिहून आण’ म्हणून परत पाठवलेलं मी पाहिलं आहे. तसं कुणी परत पाठवत असेल तर तिथंच थांबायचं आणि पोच मागायची.

पेशीच्या दिवशी शिपाई दारात येऊन नावाचा पुकारा करतो. आत मंडळ अधिकारी आणि एक लिपिक असतात. तुम्ही आणि तुमचे भाऊ समोरासमोर उभे राहता. साहेब विचारतात, ‘तुमचं म्हणणं काय?’ तिथं तुम्हाला तीनच वाक्यं बोलायची आहेत. मी मयताची सख्खी मुलगी आहे. मी हक्क सोडलेला नाही. वारसांत माझं नाव लागलं पाहिजे. एवढंच. लग्नाचा खर्च, भावजयीनं बारशाला बोलावलं नाही, आईला कोण सांभाळतं, यातलं काहीही काढू नका आणि भावानं काढलं तर उत्तर देत बसू नका. लग्नात खर्च झाला म्हणून मुलीचा वारसा जात नाही. हिंदू वारसा कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी मुलाच्या बरोबरीनं धरली जाते, आणि त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं आहे. तुमचे वडील तर आत्ता गेले. त्यांनी स्वतः घेतलेली जमीन असेल आणि मृत्युपत्र केलेलं नसेल, तर तिच्यातही आई, मुलगे आणि मुली सारख्याच वाट्याचे.

बोलता येत नाही म्हणता, त्याला सोपा उपाय आहे. हीच तीन वाक्यं घरी कागदावर लिहून काढा. वर प्रकरणाचा क्रमांक, फेरफार क्रमांक, गावाचं नाव आणि गट नंबर. खाली सही किंवा अंगठा, तारीख. याला ‘लेखी म्हणणं’ म्हणतात. त्याच्या दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर शिक्का आणि तारीख घेऊन ती पिशवीत ठेवा. सोबत वडिलांच्या मृत्यूचा दाखला, तुमचा शाळा सोडल्याचा दाखला आणि जुन्या रेशनकार्डाची झेरॉक्स जोडा. शाळेच्या दाखल्यावर तुमचं माहेरचं नाव असणार आणि आधारवर सासरचं. दोन्ही नावांची बाई एकच, हे दाखवणारा एखादा कागद असू द्या. विवाह नोंदणीचा दाखला नसेल तर साधं प्रतिज्ञापत्र करा. हे मी का सांगते ते पुढं कळेल. वकील लावलाच पाहिजे असं काही नाही. स्वतःचं म्हणणं स्वतः मांडता येतं.

आता एका गोष्टीला जपा. पेशीच्या दिवशी बाहेरच्या बाकावर भाऊ शेजारी येऊन बसेल. कुणी मामा, कुणी गावचा जाणता मध्ये पडेल. ‘कोर्टकचेरी कशाला, माहेर तुटेल’ म्हणतील आणि एक जबाब पुढं करतील: ‘मी राजीखुशीनं हक्क सोडत आहे.’ माहेर तुटायची भीती काय असते ते मला ठाऊक आहे, मीही तीन भावांची बहीण आहे. म्हणून सांगते, हक्क सोडायचाच असेल तर तो दुय्यम निबंधकाकडं नोंदवलेल्या हक्कसोडपत्रानं सुटतो, साध्या जबाबानं किंवा नुसत्या बॉण्डपेपरवरच्या सहीनं नाही. पण एकदा तसा जबाब संचिकेत, म्हणजे प्रकरणाच्या फायलीत, लागला की फेरफार त्याच्या आधारावर मंजूर होऊ शकतो आणि मग तो फिरवायला तुम्हालाच अपिलात हिंडावं लागतं. सोडायचा की नाही हे घरी बसून ठरवा. त्या बाकावर ठरवू नका.

आणि शेवटी रोजनामा. हे मी जरा खोलात सांगते, कारण पेशीला आलेल्या शंभरातल्या नव्वद लोकांचं त्याच्याकडं लक्ष नसतं.

प्रत्येक प्रकरणाच्या संचिकेत आखलेले कागद लावलेले असतात. डाव्या बाजूला तारीख, उजवीकडं त्या दिवशी काय झालं ते, खाली सह्या. ‘उभय पक्ष हजर. अर्जदार यांनी लेखी म्हणणे दाखल केले. सामनेवाले यांनी मुदत मागितली. मुदत मंजूर. पुढील तारीख अमुक.’ हा रोजनामा. तुम्ही साहेबांपुढं पाच मिनिटं बोललात की पंधरा, वर अपिलात बसलेल्या अधिकाऱ्याला त्यातलं काही ऐकू जात नाही. त्याच्यापुढं येतो तो हा कागद.

१९९४ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी तेव्हा एका तहसीलमध्ये लिपिक होते आणि रोजनामा लिहायचं काम माझ्याकडं होतं. गोदाकाठच्या एका गावातली आजी, तिच्या तीन एकरांवर पुतण्यानं नोंद केली होती. अकराच्या सुमारास शिपायानं पुकारा केला. एकदा, दोनदा, तीनदा. कुणी आलं नाही. साहेबांनी मान हलवली आणि मी लिहिलं: ‘अर्जदार पुकारा करूनही गैरहजर.’ पुतण्या आणि त्याचा वकील हजर होते. त्यांचं ऐकून घेतलं, निकाल सांगून झाला, सहीही झाली. दुपारी चारच्या सुमारास एक म्हातारी दारात येऊन मला विचारती झाली, ‘माय, आमचा पुकारा कव्हा व्हायचा?’ सकाळच्या पहिल्या एसटीनं आलेली. दारासमोरच्या लिंबाखाली बसून होती, भाकरीचं फडकं मांडीवर. मी म्हटलं, आजी, नाव तर तीनदा पुकारलं. मी संचिकेतलं नाव वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘हे मपलं नाव हाय व्हय?’ सातबाऱ्यावर तिचं माहेरचं नाव होतं. लग्नात नाव बदललं, त्यानंतर त्या नावानं तिला चाळीस वर्षांत कुणी हाक मारली नव्हती. ती तिथं दहा पावलांवर बसलेली होती आणि मी तिला गैरहजर लिहून टाकलं होतं.

सही झालेला निकाल कुणी फाडत नाही. तिला अपिलात जावं लागलं. तिथून प्रकरण फेरचौकशीसाठी परत आलं, त्यात अडीच वर्षं गेली आणि तेवढी वर्षं ते तीन एकर पुतण्यानं पेरलं. त्या दिवसानंतर मी पुकारा झाला की स्वतः उठून बाहेर बघून यायचे, गावाचं नाव घेऊन विचारायचे. पण प्रत्येक तहसीलीत असं कुणी उठेलच असं नाही. म्हणून ताई, गेल्या गेल्या लिपिकाला नोटीस दाखवा आणि सांगा, ‘ही मी, आलेली आहे.’ पेशी संपली की रोजनाम्यावर सही करायच्या आधी तो वाचून घ्या, वाचता येत नसेल तर पुतण्याकडून वाचवून घ्या. तुमचं लेखी म्हणणं दाखल झाल्याची ओळ त्यात नसेल तर तिथल्या तिथं लिहायला सांगा.

एवढं करून निकाल विरोधात गेला तरी धीर सोडू नका. फेरफारानं मालकी ठरत नाही. ती महसुलाची नोंद आहे, वाटा मागायला दिवाणी न्यायालय आहेच. पण नोंद बरोबर असली की पीक कर्जापासून पीक विम्यापर्यंत सगळं सोपं जातं, म्हणून ही पायरी सोडायची नाही.

प्रश्न : आमचं अपील एसडीएम साहेबांपुढं होतं. दोन्ही वकिलांचा युक्तिवाद झाला, प्रकरण निकालासाठी बंद केलं. नंतर साहेबांची बदली झाली. नवीन साहेबांनी आम्हाला एकदाही न बोलावता निकाल दिला. निकालपत्र दीड पानाचं. आमच्या एकाही मुद्द्याचा उल्लेख नाही. हे चालतं का? (वाचक, ता. परतूर)

उत्तर : चालू नये, आणि तुम्ही ते पुढच्या अपिलात ठासून मांडा. ज्यानं ऐकलं त्यानंच निकाल द्यायचा, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयानं १९५९ मध्ये आंध्रातल्या एसटीच्या प्रकरणात, गुल्लापल्ली नागेश्वर राव यांच्या खटल्यात, सांगितलं. खासगी मोटारवाल्यांच्या हरकती सचिवांनी ऐकल्या आणि निर्णय मुख्यमंत्र्यांनी दिला. न्यायालय म्हणालं, एकानं ऐकायचं आणि दुसऱ्यानं ठरवायचं, तर ती सुनावणी पोकळ ठरते. तुमच्या प्रकरणात नेमकं हेच झालंय.

पण ‘आम्हाला बोलावलं नाही’ हे तोंडानं सांगून भागणार नाही. संपूर्ण रोजनाम्याची नक्कल मागवा. जुन्या साहेबांच्या काळातली युक्तिवादाची तारीख त्यात दिसेल. नवीन साहेब रुजू झाल्यानंतरची एकही सुनावणीची तारीख त्यात दिसणार नाही. ही दोन पानं तुमच्या अपील अर्जातल्या दहा पानांपेक्षा जास्त बोलतील.

कारणं न देण्याचा मुद्दाही जोडा. प्रशासकीय अधिकाऱ्यानं न्यायनिवाड्यासारखा निर्णय देताना कारणं नोंदवलीच पाहिजेत, असं एस. एन. मुखर्जी प्रकरणात १९९० मध्ये घटनापीठानं सांगितलं आहे. ‘कागदपत्रांचे अवलोकन केले असता अपिलात तथ्य आढळून येत नाही’ हे वाक्य मी शेकडो निकालपत्रांत वाचलंय. कोणते कागद, त्यात काय दिसलं, तुमचा मुद्दा का पटला नाही, हे लिहिलं नसेल तर ते कारण झालंच नाही.

इतर वाचकांसाठी एक सूचना. प्रकरण निकालावर असताना साहेबांची बदली झाल्याचं कळलं, की निकालाची वाट बघू नका. त्याच आठवड्यात ‘नव्यानं युक्तिवाद ऐकावा’ असा एका पानाचा अर्ज आवकमध्ये (कार्यालयात आलेले कागद नोंदवून घेतात तिथं) द्या आणि आवक क्रमांक घ्या. असा अर्ज संचिकेत असला की न बोलावता निकाल देणं अवघड होतं. मी खुर्चीच्या पलीकडच्या बाजूला बसलेली आहे, हे खात्रीनं सांगते.

प्रश्न : तहसीलदारांचा निकाल मार्चमध्ये झाला, मला कुणी कळवलंच नाही. ऑगस्टमध्ये सातबारा काढायला गेलो तेव्हा समजलं. मुदत संपली म्हणतात. खरं का? (वाचक, ता. लोहा)

उत्तर : आधी मुदत मोजायची कशी ते बघा. जिल्हाधिकाऱ्याच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याचा आदेश असेल तर अपिलाला ६० दिवस, इतर बाबतींत ९० दिवस. हे दिवस निकालाच्या तारखेपासून मोजत नाहीत, आदेश तुम्हाला मिळाला तेव्हापासून मोजतात. शिवाय नक्कल मिळायला जेवढे दिवस लागले ते वगळतात. म्हणून नकलेसाठी अर्ज कधी केला आणि नक्कल कधी मिळाली, या दोन्ही तारखा जपून ठेवा. नकलेच्या मागच्या शिक्क्यात त्या असतात. तो शिक्का पुसट असेल तर परत मारून घ्या.

तरीही उशीर दिसतच असेल तर अपिलासोबत विलंब माफीचा वेगळा अर्ज जोडा. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम २५१ मध्ये तशी सोय आहे. अर्जात सरळ लिहा: मला आदेश बजावला नाही, अमुक तारखेला सातबारा काढताना समजलं, त्याच दिवशी नकलेचा अर्ज केला. त्या सातबाऱ्याची प्रत जोडा, तिच्यावर तारीख असतेच. आजाराची, घरच्या लग्नाची उगीच कारणं घालू नका. खरं कारण भक्कम असताना त्याच्या शेजारी कच्ची कारणं ठेवली की खऱ्याचंही वजन जातं.

आणि अपील टाकलं म्हणजे आपोआप स्थगिती मिळत नाही. तिच्यासाठी निराळा अर्ज द्यावा लागतो. दरम्यान जमीन विकली जाण्याची भीती असेल तर त्या अर्जात ती भीती कशावरून वाटते तेही लिहा.

प्रश्न : माझ्या शेतात जायचा जुना गाडीरस्ता शेजाऱ्यानं नांगरून टाकला आणि काट्या लावल्या. तहसीलदार जागा बघायला येणार आहेत. मी काय तयारी करू? (शेतकरी, ता. जिंतूर)

उत्तर : दादा, रस्ता जुना होता आणि अडवला, असं तुमचं म्हणणं आहे. म्हणजे तुमचा अर्ज मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली असायला हवा. अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत तो दाखल झालेला पाहिजे. अर्जात अडवल्याची तारीख लिहिली आहे का, ते आजच तपासा. रस्ताच नव्हता आणि बांधावरून नवा हवा असेल तर तो महसूल अधिनियमाच्या कलम १४३ चा विषय, त्यात सहा महिन्यांची अट नाही. दोन्ही गोष्टी एकाच अर्जात कालवल्या की तुमचं नुकसान होतं. ‘जुना होता’ आणि ‘नवा द्या’ ही दोन वाक्यं एकमेकांना खोडतात.

स्थळपाहणीचं सांगते. आपली काळी माती. पाऊस पडून गेलेला असेल तर साहेबांची गाडी डांबरी रस्त्यावरच थांबते आणि पाहणी लांबूनच होण्याची भीती असते. त्या दिवशी दोन माणसं उभी करा आणि विनंती करा, की जिथं काट्या लावल्या तिथपर्यंत चालत या. जुन्या चाकोरीच्या खुणा नांगरटीतही राहतात. कडेचं झाड, ओढ्यावरची दगडी उतरण, पलीकडच्या शेतात चालू असलेला तोच रस्ता, हे सगळं हातानं दाखवा. आधी फोटो काढून ठेवा. त्या रस्त्यानं जाणारे दुसरे शेतकरी असतील तर त्यांना हजर ठेवा, त्यांचे जबाब तिथंच होतात.

पंचनामा बांधावर बसून लिहिला जातो. सही करायच्या आधी तो मोठ्यानं वाचून घ्या. ‘सदर ठिकाणी रस्त्याच्या खुणा दिसून येत नाहीत’ असं काही लिहिलेलं असेल आणि तुम्हाला ते पटत नसेल, तर सही नाकारून निघून जाऊ नका. सहीच्या वर लिहा: ‘ओढ्याजवळ चाकोरी आहे, ती पाहिली नाही, हा मजकूर मान्य नाही.’ निघून गेलात तर ‘सही करण्यास नकार दिला’ एवढंच उरतं. कलम ५ च्या निकालावर अपील नाही, फेरतपासणीचा अर्ज करता येतो, आणि तिथं मुख्य आधार हा पंचनामाच असतो.

प्रश्न : मुलीच्या जात पडताळणीत दक्षता पथकाचा (समितीसाठी चौकशी करणाऱ्या पथकाचा) अहवाल विरोधात गेला आहे. समितीपुढं सुनावणी आहे. आमच्याकडं पणजोबांचा निजामाच्या काळातला उर्दू कागद आहे. तो चालेल का? (पालक, ता. कळमनुरी)

उत्तर : चालेल, पण तो समितीला वाचता आला पाहिजे. या पडताळणीत जात सिद्ध करायची जबाबदारी अर्जदारावर असते, हे कायद्यातच लिहिलं आहे. म्हणून ‘अहवाल चुकीचा आहे’ एवढं म्हणून थांबू नका. तो चुकीचा आहे हे दाखवणारा कागद तुम्हालाच ठेवायचा आहे.

आधी दक्षता अहवालाची पूर्ण प्रत हातात आली का ते बघा. कारणे दाखवा नोटिशीसोबत ती मिळायला हवी. १९९४ च्या माधुरी पाटील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं जी पद्धत घालून दिली तिच्यातच हे आहे. नुसती नोटीस आली असेल तर प्रत मागणारा अर्ज द्या आणि प्रत मिळाल्यावर उत्तराला वेळ मागा. मग अहवालातल्या एकेका आक्षेपाला क्रमानं, थोडक्यात उत्तर द्या.

आता तुमचा उर्दू कागद. आपला मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे जुन्या कागदांवर सन फसली (निजामाच्या कारभारातलं महसुली वर्ष) असतं आणि महिने बहमन, इस्फंदार, खुर्दाद असे असतात. फसली सनात ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतं. १३४३ फसली म्हणजे १९३३-३४ च्या आसपास. एका कुटुंबाचा चांगला कागद केवळ यामुळं बाजूला पडताना मी पाहिला. भाषांतर करणाऱ्यानं ‘सन १३४३’ तसंच ठेवलं आणि चौकशीत शेरा आला, ‘सनाचा मेळ लागत नाही’. म्हणून जाणकार भाषांतरकाराकडून सही-शिक्क्याचं भाषांतर करून घ्या, त्यात फसली आणि इसवी दोन्ही सनं लिहवून घ्या, आणि मूळ कागद जिथून आला त्या अभिलेख कक्षाची प्रमाणित नक्कल मिळत असेल तर ती जोडा. घरच्या ट्रंकेतल्या कागदापेक्षा सरकारी दप्तरातून निघालेल्या नकलेवर लवकर विश्वास बसतो.

पणजोबांपासून मुलीपर्यंतची वंशावळ प्रतिज्ञापत्रावर द्या आणि तिच्यातला प्रत्येक दुवा एकेका कागदानं जोडा. प्रवर्ग कोणता ते तुम्ही लिहिलेलं नाही. इतर मागास वर्ग असेल तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त जाती-भटक्या जमाती असेल तर २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा. तुमचा कागद या दोन्हीच्या कितीतरी आधीचा आहे, ही तुमची जमेची बाजू. आजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा निघतो का, तेही शाळेत स्वतः जाऊन बघा. समितीचा निर्णय विरोधात गेला तर मध्ये अपील नाही, सरळ उच्च न्यायालयातच जावं लागतं. म्हणून जे काही दाखवायचं ते याच सुनावणीत दाखवा.

प्रश्न : माहितीच्या अधिकारातलं माझं पहिलं अपील आहे. सुनावणीला गेलो नाही तर अपील जातं का? (वाचक, ता. औसा)

उत्तर : नुसतं गैरहजर राहिल्यानं अपील जात नाही, कागद बघून निर्णय देता येतो. पण शक्य असेल तर जा. कोणती माहिती मिळाली आणि कोणती मिळाली नाही, हे समोरासमोर दोन मिनिटांत कळतं. निर्णय ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत व्हायला हवा. तो पटला नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या संभाजीनगर खंडपीठाकडं दुसरं अपील.

प्रश्न : ताई, माझं वय ७२. पहिल्यांदाच पेशीला जातोय. साहेबांपुढं बसायचं असतं का उभं राहायचं? चप्पल बाहेर काढायची का? (आजोबा, ता. भूम)

उत्तर : आजोबा, चप्पल काढायची गरज नाही. गुडघे दुखत असतील तर ‘साहेब, बसून बोलू का?’ असं विचारा आणि बसा, तुमच्या वयाच्या माणसाला कुणी नाही म्हणणार नाही. चष्मा, नोटीस, आधार आणि पाण्याची बाटली पिशवीत ठेवा. नोटिशीत सकाळी अकरा लिहिलं असलं तरी पुकारा दुपारीही होतो, म्हणून भाकरी बांधून न्या आणि परतीची शेवटची एसटी किती वाजता आहे ते विचारून ठेवा. ऐकायला कमी येत असेल तर नातवाला बरोबर घ्या. आणि गेल्यावर आधी शिपायाला गाठा. कागदावर तुमचं जे नाव लिहिलंय ते त्याला सांगा, कुठं बसणार आहात ती जागा दाखवा, आणि पुकारा होईपर्यंत ती जागा सोडू नका.